मदत हवी आहे: मीटरगेज मालगाडीच्या ब्रेकव्हॅनची मापे आणि हातब्रेकची रचना

हैदराबाद–मनमाड मीटरगेज मार्गावर पूर्वी धावणाऱ्या मालगाड्यांच्या शेवटी जोडल्या जाणाऱ्या चारचाकी ब्रेकव्हॅनची, म्हणजे आपल्याकडे सर्रास म्हणतात त्या गार्डाच्या डब्याची, १:२० प्रमाणातील लाकडी प्रतिकृती मी परभणीत तयार करीत आहे. माझ्याजवळ पूर्णा जंक्शनवर टिपलेली दोन जुनी छायाचित्रे आहेत; त्यांत १,००० मिलिमीटरचा रूळगेज (दोन रुळांमधील अंतर) मोजपट्टी मानून लांबी काढून पाहिली, परंतु छायाचित्रे तिरप्या कोनातून घेतलेली असल्याने दोन्हींची उत्तरे जुळत नाहीत. ब्रॉडगेजवरील चारचाकी बीव्हीझेडसी आणि आयसीएफ (चेन्नईचा रेल्वे डबा कारखाना) बोगींवरील आठचाकी बीव्हीझेडआय या ब्रेकव्हॅनच्या प्रकारांची माहिती मिळाली, तथापि ती १,६७६ मिलिमीटर गेजची असल्यामुळे नुसती लहान करून वापरणे मला योग्य वाटत नाही. रंगसंगतीची माहिती नको आहे. डबा निर्वात (व्हॅक्यूम) ब्रेकच्या काळातील हवा, आणि मूळ आराखडा पाहण्यासाठी दूर प्रवास करणे सध्या शक्य नाही.

अशा व्हॅनच्या दोन आसांमधील अंतर किती असे, आणि गार्डाच्या हातब्रेकच्या चाकापासून ब्रेकठोकळ्यांपर्यंत ओढ पोहोचवणारी दांड्यांची जोडणी नेमकी कशी होती?