कॅमेऱ्याचा रंग आणि आपण : आपापले अनुभव लिहावेत

जुना_गंगापूर_नाका
गेल्या रविवारी माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढली आणि तिच्यात बाबांचा काळा निकॉन एफएम२ सापडला. १९८२ साली बाजारात आलेला हा कॅमेरा सेकंदाच्या चार हजाराव्या भागापर्यंत जाणाऱ्या शटरमुळे गाजला होता, पण माझी नजर खिळली ती त्याच्या रंगावर. प्रिझमच्या, म्हणजे वरच्या उंचवट्याच्या, दोन्ही कोपऱ्यांवर, पट्ट्याची कडी सतत घासत असे तिथे आणि फिल्म पुढे सरकवण्याच्या लिव्हरजवळ काळा रंग उडून खालचे पितळ वर आले आहे, आणि लिव्हरजवळचा तो डाग बरोबर अंगठ्याच्या पेराएवढा आहे. बाबा नाशकात रविवार कारंजाजवळच्या एका स्टुडिओत नोकरीला होते आणि लग्नसराईत हा कॅमेरा त्यांच्या गळ्यातून क्वचितच उतरत असे. भाचा म्हणतो की नव्याने रंग मारून घेऊ. माझे मन तयार होत नाही. फोटो काही बॉडीच्या रंगाने उमटत नाही, तरीही आपण रंगाकडे इतके का पाहतो, याबद्दल तुमचे अनुभव वाचायला आवडतील.

तांबट_आळी
रंग मुळीच मारू नका. आमच्या घरात पिढ्यान्पिढ्या पितळ घडवले गेले आहे, त्यामुळे हक्काने सांगतो. त्या काळातल्या अनेक चांगल्या कॅमेऱ्यांचे वरचे झाकण पितळी पत्र्याचे असे; चंदेरी बॉडीवर क्रोमचा मुलामा चढवत आणि काळ्या बॉडीला रंग देत. मुलामा कठीण असल्यामुळे तो वर्षानुवर्षे टिकतो, रंग मात्र कडेकोपऱ्यांवरून आधी जातो, म्हणून झिजेचा नकाशा काळ्या कॅमेऱ्यावरच स्पष्ट उमटतो. पीतांबरी किंवा चिंच-मीठ लावून ते पितळ लखलखीत करण्याचा मोह होईल, तोही आवरावा, कारण भुकटी कॅमेऱ्यावरच्या फिरत्या चकत्यांच्या फटींत शिरली की चकत्या खरखरू लागतात. पितळ हाताळत राहिले की आपोआप उजळते. माझ्या मामांकडे १९७६ सालचा कॅनन एई-१ होता. त्याचे झाकण प्लास्टिकचे आणि वर धातूसारखा मुलामा, त्यामुळे तो झिजला तरी आतून पितळ कधी निघाले नाही, आणि लहानपणी मला त्याचे फार वाईट वाटले होते.

सराफ_बाजार_फोटो
आमच्या कामात रंगाने फोटोत फरक पडतो, तेवढे मात्र नोंदवतो. मी चांदीच्या भांड्यांचे आणि दागिन्यांचे फोटो काढतो. सुरुवातीच्या दिवसांत चंदेरी बॉडीचा कॅमेरा वापरत होतो आणि एका चांदीच्या तांब्याच्या फुगीर पोटावर प्रत्येक फोटोत एक बारीक पांढरी रेघ येत होती. दिवे हलवले, कापड बदलले, तांब्या फिरवला, तरी रेघ तिथेच. दुपारपर्यंत डोके धरून बसल्यावर लक्षात आले की ती रेघ म्हणजे माझ्याच कॅमेऱ्याचे चकचकीत झाकण होते आणि तिच्याखालची फिकट पट्टी म्हणजे माझा सदरा. तेव्हापासून काळी बॉडी, अंगात काळा सदरा, आणि लेन्सपुढे मधोमध भोक पाडलेला काळा जाड कागद, एवढी तयारी झाल्याशिवाय मी समई किंवा तांब्या समोर ठेवत नाही. वस्तुसंग्रहालयात काचेआडच्या मूर्ती टिपणाऱ्यांनाही हाच अनुभव येत असणार.

निफाडकर_वेडिंग
आमच्याकडे प्रश्न प्रतिबिंबाचा नसतो, विश्वासाचा असतो. दोन वर्षांपूर्वी एका लग्नाला मी लहानसा चंदेरी मिररलेस (आत आरसा नसलेला) कॅमेरा घेऊन गेलो होतो. हळद लागायच्या आधी नवऱ्या मुलाचे काका शांतपणे जवळ आले आणि म्हणाले, "दादा, मेन कॅमेरा गाडीत राहिलाय का?" त्यांचा हेतू वाईट नव्हता, घरचे पहिले कार्य, पैसे मोजलेले, त्यांना काळजी वाटणारच. आता तोच लहान कॅमेरा काळ्या रंगात घेतला आहे आणि त्याला खालून ग्रिप जोडतो. फोटो तेच येतात, काका मात्र निश्चिंत असतात, आणि घरची मंडळी निश्चिंत असली की त्यांचे चेहरेही फोटोत मोकळे येतात.

चापडगाव_मनोरा
नांदूरमध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात हिवाळ्यात जाणाऱ्या प्रत्येकाला कोणीतरी विचारतेच की पक्षी बुजत असतील तर एवढ्या मोठ्या लेन्स पांढऱ्या का असतात. कारण उन्हाचे आहे. पांढरा रंग कमी तापतो, आणि लांब पल्ल्याच्या अनेक लेन्समध्ये वापरले जाणारे फ्लोराइट नावाचे स्फटिक उष्णतेने साध्या काचेपेक्षा जास्त प्रसरण पावते. मी पांढऱ्या नळीवर झाडोऱ्याच्या रंगाचे कापडी आवरण चढवतो. तरी माझा अनुभव असा की जांभळी पाणकोंबडी रंगापेक्षा हालचालीला अधिक घाबरते. आवरण चढवूनही हात झटकन वर केला की ती पाणवनस्पतींत शिरलीच म्हणून समजा.

देवळाली_कॅम्प_मीनल
विषय थोडा बाजूचा आहे, पण बॉडीवरचे कातडी आवरण कोणी बदलून घेतले आहे का? माझ्या डिजिटल कॅमेऱ्याचे रबर चिकट होऊन सुटू लागले होते. शहरातल्या एका दुरुस्तीच्या दुकानात दिले, तर त्यांनी भलताच डिंक लावून ते वाकडे बसवले आणि मेमरी कार्डाचे दार नीट लागेनासे झाले. फोटो उत्तम येतात, पण हातात धरला की बोट त्या उचललेल्या कडेवरच जाते आणि कॅमेरा बाहेर काढावासा वाटत नाही.

तांबट_आळी
मीनलताई, त्या मॉडेलच्या मापाचे कापलेले, मागे चिकटपट्टी असलेले आवरण मागवा. जुना डिंक नखाने खरवडू नका. कापसाच्या काडीवर थोडे आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन तो हळूहळू मऊ करा आणि दाराच्या कडेला काडी अगदी कोरडीच ठेवा.

रामकुंड_सकाळ
फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ आपल्या लायका कॅमेऱ्याचे चकाकणारे भाग काळ्या पट्टीने झाकत असत, हे वाचून २०१५ च्या सिंहस्थात मीही तेच केले. गर्दीत त्याचा उपयोग झाला, हे मान्य करतो. पण पर्वणी संपल्यावर पंचवटीत एकेकट्या माणसांचे फोटो काढताना उलट घडले. पट्ट्या लावलेला काळा कॅमेरा पाहून वृद्ध स्त्रिया पदर सावरून ताठ बसत, काही जणी उठून जात. एके दिवशी आजोबांचा चंदेरी, तपकिरी कातड्याचा जुना कॅमेरा नेला, तर घाटावर फुले विकणाऱ्या एका आजींनी स्वतःहून विचारले, "रोलचा आहे का रे बाबा?" आणि मग स्वतःच्या लग्नातल्या फोटोवाल्याबद्दल पाऊण तास सांगत बसल्या. तेव्हापासून माझे मत असे झाले आहे की कॅमेऱ्याचे रूप जितके आपल्यासाठी असते, तितकेच समोर बसलेल्या माणसासाठीही असते.

रहाड_पिवळी
माझा कॅमेरा चंदेरी आहे आणि तो केवळ दिसायला आवडला म्हणून मी घेतला, हे मी कोणापुढेही मान्य करते. रंगपंचमीला तिवंधा चौकातल्या रहाडीवर, म्हणजे रंगाच्या पाण्याने भरलेल्या हौदावर, गेले होते. प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळली होती, तरी कोणीतरी धप्पकन उडी मारली आणि पाणी आत शिरलेच. घरी येऊन पुसल्यावर बॉडी स्वच्छ झाली, पण शटरच्या चकतीवर कोरलेल्या आकड्यांपैकी १२५ च्या खाचेत पिवळा रंग बसला तो बसलाच. टाचणीने काढता आला असता. मी तो राहू दिला आहे, आणि आता त्या चकतीवर १२५ शोधावा लागत नाही.

निफाडकर_वेडिंग
छान केलेत. पुढच्या वर्षी पिशवीच्या तोंडाला रबर दुहेरी लावा.

जुना_गंगापूर_नाका
सर्वांचे वाचून काल आईला विचारले की बाबांनी काळाच का घेतला. तिला सगळे आठवत होते. दुकानात चंदेरी तयार होता आणि थोडा स्वस्तही होता, काळ्यासाठी जास्त पैसे द्यायचे होते आणि थांबायचेही होते, आणि त्या महिन्यात माझ्या शाळेची फी भरायची होती. ती बरीच रागावली होती. तेव्हा बाबा तिला म्हणाले होते की वर्तमानपत्रांच्या फोटोग्राफरांकडे काळाच असतो. त्यांना वर्तमानपत्रात काम करायचे होते, हे मला काल पहिल्यांदा कळले. स्टुडिओतली नोकरी त्यांनी शेवटपर्यंत केली.

भाच्याला रंगाचे नको म्हणून सांगितले आहे. शटर अजून चालते. उजेड आत शिरू नये म्हणून लावलेली फोमची सील तेवढी बदलून हवी आहेत. नाशकात हे काम जपून करणारे कोणी माहीत असल्यास व्यक्तिगत निरोपात कळवावे.