टीके (ट्रान्झिशनल किंडरगार्टन, किंडरगार्टनच्या आधीचं वर्ष): शाळा घराजवळची की फ्रीवेपलीकडची? शुक्रवारपर्यंत कळवायचंय

अनघा

नमस्कार मंडळी,

आमच्या लेकीची, ईराची, टीकेची मेल आली एकदाची. घराजवळची, तलावाकडची शाळा भरली, वेटलिस्ट. सीट मिळालीये फ्रीवेपलीकडच्या शाळेत. तिथे पूर्ण दिवस, अडीचपर्यंत. तलावाकडे बाराच्या आत सोडतात.

स्टेट प्रीस्कूल सुचवू नका, उत्पन्नात बसत नाही, आणि त्यावर मागे काय झालं ते सगळ्यांना आठवतंय. "ऑगस्टचा वाढदिवस आहे तर एक वर्ष थांब" हेही नको, आमच्या घरी त्यावर पुरेसं बोलून झालंय.

प्रश्न एवढाच: पलीकडची सीट घेतली तर तलावाकडच्या वेटलिस्टवरून नाव जातं का? आणि पुढच्या वर्षी किंडरगार्टनला घरच्या शाळेत परत येता येतं का? ऑफिसात विचारलं तर दोघींनी दोन उत्तरं दिली.

विवेक

अनघा, शाळांच्या तुलनेची शीट बघितलीस का? लिंक पिकनिकच्या मेलखाली आहे.

बाकीच्यांसाठी: कोणीतरी शीटमध्ये "टीचर प्रेमळ आहेत का" असा कॉलम घातला होता, तो मी काढलाय. जे मोजता येतं तेवढंच तिथे राहील.

दहा मुलांमागे एक मोठं माणूस आणि वर्गाची सरासरी 24 च्या आत, हे 2025-26 पासून सगळ्या शाळांना सारखंच आहे, कॅलिफोर्निया राज्याचा कायदाच आहे तो. त्यावरून शाळा निवडू नका. आता 24 मुलं घेतली की तिसरं माणूस लागतं, म्हणून आपल्याकडे वर्ग 20 वर थांबवतात. तलावाकडची एवढी लवकर भरली ती त्यामुळेच.

खरा फरक खोलीचा. राज्याच्या नियमात किंडरगार्टनची खोली टॉयलेट आणि स्टोअर धरून 1,350 चौरस फूट, पहिलीपासून पुढची 960. पलीकडे टीके मूळच्या किंडरगार्टनच्या खोलीत आहे, टॉयलेट आत. तलावाकडे दुसरी तुकडी वाढवली ती 960 वाल्या खोलीत. टॉयलेट व्हरांड्याच्या टोकाला. शीटमध्ये कॉलम एच.

सुनीताताई

> टॉयलेट व्हरांड्याच्या टोकाला

विवेक, हे तू शीटमध्ये लिहितोस ते बरं करतोस, पण एवढ्या खाली कशाला? सगळ्यात वर हवं ते. आमचा नातू तलावाकडेच होता. पोराला बटणाची जीन्स घालून पाठवायचे, आणि तिथपर्यंत पोचून बटण काढेपर्यंत व्हायचं ते होऊन जायचं. ऑफिसातून फोन यायचा आणि मी कपडे घेऊन धावायची. अनघा, इलॅस्टिकच्या पँटी घे, शाळा कुठलीही असो.

आणि आई येणार आहेत ना तुझ्या? पिकअपच्या यादीत त्यांचं नाव आत्ताच घाल. ओळखपत्र म्हणून पासपोर्ट जवळ ठेवायला सांग. मला पहिल्या दिवशी गेटवर उभं ठेवलं होतं, नातू आतून "आजी, आजी" करतोय आणि ती बाई आपली यादी चाळतेय.

मंदार

फॉर्म भरताना एक लक्षात ठेवा. होम लँग्वेज सर्व्हे असतो, घरी कुठली भाषा बोलता त्याचे चार प्रश्न. चारही ठिकाणी इंग्लिश लिहा. आम्ही मोठ्याच्या वेळी प्रामाणिकपणे मराठी लिहिलं तर त्याला ईएलपॅक परीक्षेला बसवलं, इंग्लिश किती येतं ते बघायला. पोरगं बुजरं, अनोळखी बाईसमोर तोंडच उघडेना. लागला इंग्लिश लर्नरचा शिक्का. तो निघता निघत नाही, दरवर्षी पुन्हा परीक्षा. अनुभवाचे बोल.

शुभांगी

मराठी मंडळाच्या लिस्टवर "मराठी लिहू नका" असा सल्ला वाचायला मिळेल असं वाटलं नव्हतं!

मंदार, रविवारच्या मराठी शाळेला क्रेडिट मिळावं म्हणून आम्ही हायस्कूलांच्या मागे लागतो. तिथे पहिला प्रश्न असतो की डिस्ट्रिक्टात मराठी बोलणारी मुलं किती. तुम्ही सगळे इंग्लिश लिहून मोकळे झालात तर आम्ही काय आकडा दाखवायचा?

मंदार

शुभांगीताई, आकडा तुमचा, परीक्षा माझ्या मुलाची.

प्रिया

टीकेच्या मुलांना आता ईएलपॅक नाही. एबी 2268 हा राज्याचा कायदा, 2024 मध्ये सही झाली. सर्व्हे भरायचाच आहे, पण परीक्षा किंडरगार्टनला गेल्यावर. मंदारच्या मोठ्याची गोष्ट त्याच्या आधीची.

आणि शिक्का लागला तर रोज थोडा वेळ वेगळं इंग्लिश शिकवतात, कुठे अंधारकोठडीत टाकत नाहीत. माझी धाकटी दुसरीत बाहेर पडली. सर्व्हेत खोटं लिहायचं आणि मग मुलांना खरं बोलायला सांगायचं, हे मला जमलं नसतं, पण ज्याचं त्याने बघावं.

मंदार

म्हणजे परीक्षा एक वर्ष पुढे गेली. मी तेच म्हणतोय.

राहुल

डब्याचं काय करता सगळे? 2022-23 पासून नाश्ता-जेवण सगळ्यांना फुकट आहे ना, टीके धरून? शाकाहारी म्हणजे रोज चीज असलेलंच काहीतरी असतं का? आमचा वरणभातावरचा आहे.

सुनीताताई

राहुल, गरम वरणभात थर्मासमध्ये दे, पण झाकण त्याला उघडता येतं का ते आधी घरी बघ. वीस मिनिटांत खाणं उरकायचं असतं, टीचर किती जणांची झाकणं उघडणार?

अनघा

मंडळी, मूळ प्रश्न. शुक्रवार परवा आहे.

केतकी

अनघा, आम्ही गेल्या वर्षी ओव्हरफ्लोत (घरची शाळा भरली म्हणून दुसऱ्या शाळेत) गेलो, म्हणून लिहिते.

वेटलिस्टवर नाव राहतं, पण आपोआप नाही. सीट स्वीकारायच्या पानावर खाली "घरच्या शाळेच्या यादीत ठेवा" असा चौकोन आहे, त्यावर टिक करायला लागते. बहुतेकांना तो दिसतच नाही. ऑफिसातल्या दोघींची दोन उत्तरं त्यामुळेच असणार. नंबर लागला की फोन येतो आणि एका दिवसात कळवायचं असतं. फोन शाळा सुरू झाल्यावरही येऊ शकतो, म्हणजे पोर तिथे रुळलेलं असताना. आम्हाला सप्टेंबरात आला, आम्ही नाही म्हटलं.

किंडरगार्टनचं जास्त नीट वाच. टीके म्हणजे कायद्याने दोन वर्षांच्या किंडरगार्टनचं पहिलं वर्ष. त्यामुळे पुढच्या वर्षी नव्याने नाव घालायला लागत नाही, मूल आहे त्याच शाळेत पुढे सरकतं. मेख तिथेच आहे. सगळ्यांना वाटतं की किंडरगार्टनला आपोआप घरच्या शाळेत येणार. नाही येत. जानेवारीत बदलीचा अर्ज उघडतो, तो भरलास तर घरच्या शाळेत तुला प्राधान्य आहे. नाही भरलास तर पलीकडेच. हे सगळं फोनवर विचारू नकोस, मेलवर विचार, म्हणजे उत्तर हातात राहील.

विवेक

केतकी, हे शीटमध्ये का नाही?

केतकी

शीट लॉक आहे.

अनघा

केतकी, चौकोन सापडला! पार खाली होता, फोनवर तर दिसतच नाही. लॅपटॉपवरून भरलं. पलीकडची घेतली. आई नोव्हेंबरात परत जाणार, त्यानंतर बाराचा पिकअप कुणी करायचा? अडीच निदान मीटिंगांच्या मधे बसतं. अडीचनंतरच्या वर्गाचाही अर्ज टाकलाय, पण तिथे आधी कमी उत्पन्नवाले, उरलं तर फी भरून आपण.

आता दुसरं: आमच्या बाजूने पलीकडे सकाळी कोण जातं? सव्वाआठला 880 फ्रीवेखालचा तो सिग्नल एकटीने रोज नको वाटतो.

राहुल

आमचाही पलीकडेच! आम्ही तुमच्या मागच्याच कॉम्प्लेक्समध्ये. सोम-बुध-शुक्र मी नेऊ शकतो. गाडीतला बूस्टर (मुलांना उंच बसवायची सीट) मात्र तुमचा द्या, आठ वर्षांखालच्यांना सक्तीचा आहे आणि आमच्याकडे एकच आहे.

प्रिया

ईरा चारच वर्षांची, तिला अजून बूस्टर नको. पाच पट्ट्यांची सीट लागेल, आणि ती रोज काढून बसवायला दहा मिनिटं जातात. जुनी एक गराजमध्ये पडून आहे. एक्सपायरी डेट बघून सांगते.

विवेक

शीट उघडी केली आहे, फक्त आजची रात्र. केतकी, कॉलम के. कारपूलसाठी कृपया वेगळी शीट करा.