भ्रष्टाचार वाढला की कमी झाला, हे सर्व्हेवाले नक्की विचारतात कोणाला?

पोटखराबा
मंडळी, एक भाबडा प्रश्न. आमच्या फॅमिली ग्रुपवर परवापासून दाजी आणि धाकट्या मामांची जुंपलीय. मामांनी टाकलं की भ्रष्टाचाराच्या जागतिक यादीत आपण २०२३ ला ९३ वे होतो ते २०२४ ला ९६ वर घसरलो, म्हणजे बघा जनतेलाच वाटतंय की सगळे खातायत. त्यावर दाजी म्हणे ४ जून २०२४ चा लोकसभेचा निकाल विसरलात का, चॅनलवाले एक्झिट पोलमधे एनडीएच्या साडेतीनशे-चारशे जागा घेऊन बसले होते आणि आल्या २९३, ह्या सर्व्हेंपेक्षा पोपटवाला ज्योतिषी बरा. आता दोघांनी मला मधे ओढलंय आणि मला दोघांचंही अर्धंच पटतंय. वय ४७, एकदाही मतदान चुकवलं नाही, पण आजवर दारात येऊन एकानेही विचारलेलं नाही की बाबा तुला काय वाटतं. मग हे विचारतात कोणाला? (राजकीय धुणी धुवायला धागा काढलेला नाही, कृपया.)

मिरजकर
मामांना सांगा की त्या यादीसाठी जनतेला कोणी विचारतच नाही. ट्रान्स्परन्सी इंटरनॅशनल ह्या भ्रष्टाचारविरोधी जागतिक संस्थेचा तो करप्शन पर्सेप्शन्स इंडेक्स, नावात पर्सेप्शन म्हणजे 'काय वाटतं ते' आहे, पण ते तज्ज्ञांचं आणि धंदेवाल्यांचं, दुसऱ्या संस्थांनी आधीच केलेले अभ्यास एकत्र करून ० ते १०० मधे मार्क देतात. आपले ३९ चे ३८ झाले. एका मार्काचा फरक म्हणजे काहीच नाही, आणि १८० देशांत बाकीचे पुढंमागं सरकले तरी आपला नंबर हलतोच की. पेपरवाले मात्र दरवर्षी 'घसरण' म्हणून मथळा टाकून मोकळे.

लोकांना खरंच विचारतात तो त्यांचाच दुसरा सर्व्हे, ग्लोबल करप्शन बॅरोमीटर. आशियाचा २०२० ला आला होता, भारतातले २००० जण. सरकारी कामासाठी गेलेल्यांपैकी ३९ टक्के म्हणाले पैसे द्यावे लागले (आशियात पहिला नंबर, घ्या), ४६ टक्के म्हणाले ओळख लावली. भ्रष्टाचार वाढला म्हणणारे ४७ टक्के, आणि त्याच सर्व्हेत ६३ टक्के म्हणतात सरकार भ्रष्टाचाराविरुद्ध चांगलं काम करतंय! आता ह्यातला कुठला आकडा ग्रुपवर टाकायचा ते ज्याच्या त्याच्या पक्षावर.

चावडीवरची_चिमणी
दादा, तुमच्या दारात नाही आले पण मी आले असते. कॉलेजात असताना दोन उन्हाळे हेच काम केलंय, सोलापूरकडच्या खेड्यांमधून. हातात मतदार यादी, त्यातली ठरलेली नावं, तेवढीच शोधायची. माणूस शेतात गेला असेल तर संध्याकाळी परत यायचं, शेजारचा चालत नाही. असं नियमात आहे हो. एस्टी चुकायला लागली की आमच्यातलेच काहीजण पारावर बसून चार फॉर्म एका दमात भरायचे, खोटं कशाला बोलू.

खरी गंमत लाचेच्या प्रश्नाला. बाई बोलायला लागली की नवरा आतून येऊन तिचं उत्तर स्वतःच द्यायचा. पाचेक मिनिटात अर्धी आळी गोळा, त्यात सरपंचाचा पुतण्या. अशात कोण सांगणार की तलाठ्याला किती दिले? एक आजोबा तर म्हणाले, लाच कुठं दिली पोरी, साहेब लई चांगला, हात पण लावला नाही पैशाला, ते एजंटानंच घेतले. फॉर्मवर 'नाही' लिहून घेतलं मी. आणि 'भ्रष्टाचार वाढलाय का' विचारलं की सगळे एका सुरात हो, कारण ते दुसऱ्याचं असतं ना.

शिवाय २०१८ ला कायदा बदलला, आता लाच देणाराही गुन्हेगार. बळजबरीनं द्यावी लागली असेल तर ७ दिवसात कळवायचं. म्हणजे अनोळखी पोरीला कागदावर कबुली द्यायला आणखीनच जड.

शेंगा_चटणी
एवढं खोलात कशाला जायचं. २०१४ च्या फेब्रुवारीत एका चॅनलनं स्टिंग केलं होतं, पोलवाल्या कंपन्या पैसे घेऊन आकडे इकडचे तिकडे करायला तयार असल्याचं त्यात दाखवलं. पैसे कोणी दिले ते आधी विचारा. बाकी सगळं पोपट.

मिरजकर
चटणीभाऊ, पैसे कोणाचे हे विचारायलाच हवं, मान्य. पण दाजींचं आणि तुमचं एक चुकतंय. एक्झिट पोल फसतो तो बऱ्याचदा मतांवरून जागा काढताना. आपलंच बघा ना, २०२४ च्या लोकसभेला राज्यात दोन्ही आघाड्यांच्या मतांत अर्ध्या टक्क्याचाही फरक नव्हता आणि जागा ३० विरुद्ध १७. तिथं भलेभले आपटणार. 'तुम्हाला काय वाटतं' ह्या प्रश्नाला जागा काढायच्याच नसतात, त्यामुळे ४ जूनची फुटपट्टी इथं लागत नाही. इथला घोळ वेगळा, तो चिमणीताईंनी सांगितलाच.

आणि नुसतं 'वाढला का' विचारून भागत नाही. त्याच निवडणुकीआधी सीएसडीएस-लोकनीती ह्या दिल्लीच्या अभ्याससंस्थेच्या सर्व्हेत ५५ टक्के म्हणाले की पाच वर्षांत भ्रष्टाचार वाढला. पण मत देताना सगळ्यात मोठा मुद्दा कोणता, तर भ्रष्टाचार म्हणणारे ८ टक्के फक्त. बेकारी आणि महागाई कितीतरी वर. चिडलेत सगळे पण ते पावसासारखं धरून चाललेत.

निवांत_नाना
माझे पण दोन आणे. एनसीआरबीच्या (देशभरच्या गुन्ह्यांची नोंद ठेवणारं केंद्राचं खातं) २०२२ च्या आकड्यांत भ्रष्टाचाराचे सगळ्यात जास्त गुन्हे महाराष्ट्रात नोंदलेले. लगेच म्हणू नका की आपण सगळ्यात चोर. इथं एसीबीवाले म्हणजे लाचलुचपत खातं सापळे जास्त लावतं, लोक त्यांच्या १०६४ ह्या हेल्पलाइनला फोन करतात, म्हणून नोंद होते. जिथं तक्रारच होत नाही ते राज्य कागदावर साधू.

पोटखराबा
धन्यवाद मंडळी. मिरजकर, तुमचा पहिला प्रतिसाद तसाच ग्रुपवर टाकला, मामा गप्प आहेत, दाजींनी अंगठा दिलाय पण वाचलं असेल असं वाटत नाही. चिमणीताई, एक शंका. मी गेल्या वर्षी वारसाच्या फेरफारासाठी एजंटला अडीच हजार दिले, पावती नाही, काम आठ दिवसात. तुम्ही दारात आला असतात तर मी काय सांगायचं होतं?

चावडीवरची_चिमणी
तुम्ही 'नाही'च म्हणाला असतात दादा. अगदीच अडला असतात तर आमच्याकडे एक खाना होता, 'इतर खर्च'.