मदत हवी आहे: ग्रीनवेच्या सभेला वस्तीतले जुने लोक येतच नाहीत

मृण्मयी_द
नमस्कार. गुरुवारी सकाळी ऑफिसात पुढच्या सभांचा प्लॅन द्यायचाय, म्हणून थेट विचारते. मी लँडस्केप आर्किटेक्ट आहे. आमच्याकडे एका ग्रीनवेचं काम आलंय. झाडांमधून जाणारा, चालायचा आणि सायकलचा रस्ता. तो कृष्णवर्णीयांच्या एका जुन्या वस्तीतून जातो. रहिवाशांना सोबत घेऊनच आराखडा करायचा, असं करारात लिहिलंय. दोन सभा घेतल्या. पहिलीला अकरा जण आले, दुसरीला सात. त्या सातांतले पाच गेल्या दोन-तीन वर्षांत घर घेऊन आलेले. पन्नास-साठ वर्षं राहणारं त्यांत कुणी नाही. पत्रकं वाटली, फेसबुकवर टाकलं, ईमेल केले, ऑनलाइन सर्व्हे केला. लोक यावेत म्हणून नक्की काय करतात? जेवण ठेवू का? कुणी असं काम केलं असेल तर लवकर सांगा.

बाभूळ
शहर कुठलं? सभा कुठे आणि किती वाजता? जागा कोणाच्या मालकीची? लोकांना विचारता काय? यातलं काहीच लिहिलेलं नाही, सांगणार कसं?

सायकलस्वार_नाशिक
रुंदी दहा फुटांच्या खाली नेऊ नका, बारा असेल तर उत्तम. काँक्रीट महाग पडतं पण टिकतं. डांबराखाली मुळं शिरली की रस्ता फुगतो आणि सायकलला दणके बसतात. झाडं कडेपासून लांब लावा. रस्ते ओलांडायच्या ठिकाणी उतार नीट द्या, म्हणजे व्हीलचेअरही जाते.

मृण्मयी_द
@बाभूळ, शहर डरहॅम, नॉर्थ कॅरोलिना. वस्ती हेटाय. सभा मंगळवारी संध्याकाळी साडेपाचला, डाउनटाउनमध्ये आमच्याच ऑफिसात. जागा बहुतेक शहराचीच. तीन पर्याय भिंतीवर लावतो आणि रंगीत ठिपके चिकटवायला देतो. बाक कुठे, दिवे कसले, झाडं कुठली.
@सायकलस्वार, धन्यवाद, पण रुंदी आधीच ठरलीय.

बाभूळ
शिफ्टवर जाणारा माणूस साडेपाचला डाउनटाउनला कसा येईल? ज्यांच्या घरात लहान मुलं आहेत त्यांनी ती कुठे ठेवायची? आणि रस्ता कुठून जाणार, किती रुंद असणार हे ठरलेलं असेल तर लोकांनी यायचं ते बाकाचा रंग सांगायला का?

अटलांटाकर
मृण्मयीताई, मी अटलांटाच्या वेस्ट एंडजवळ एकवीस वर्षं राहतोय, म्हणून लिहितो. आमच्या बेल्टलाइनची कल्पना रायन ग्रॅव्हेल यांच्या १९९९च्या जॉर्जिया टेकमधल्या प्रबंधातून आली. जुन्या रेल्वेमार्गांवरून शहराभोवती चालायच्या-सायकलच्या रस्त्यांचं २२ मैलांचं कडं. ईस्टसाइड ट्रेल २०१२ मध्ये उघडला, आमच्या बाजूचा वेस्टसाइड ट्रेल २०१७ मध्ये. रोज संध्याकाळी त्यावर चालतो. रस्ता सुरेखच आहे. पण आमच्या गल्लीतली जुनी नऊ कुटुंबं होती, त्यांतली आज तीन उरलीत. कुणी हाकललं नाही. आधी भाडं वाढलं, मग प्रॉपर्टी टॅक्स वाढला. परवडणारी ५,६०० घरं २०३० पर्यंत करायची असं ठरलं होतं, पण त्यांची गती मागे पडली. खुद्द ग्रॅव्हेल यांनी २०१६ मध्ये याच मुद्द्यावर बेल्टलाइन पार्टनरशिप या प्रकल्पाला मदत करणाऱ्या संस्थेच्या मंडळाचा राजीनामा दिला. पुढे जुन्या घरमालकांचा वाढीव टॅक्स भरून देणारी योजना आली, पण तोवर बरेच जण गेले होते. तुमच्या लोकांना हे सगळं ठाऊक असणार. सभेला न येणं हेच त्यांचं उत्तर आहे.

प्रशांत_जे
काका, हे जरा एकतर्फी वाटतं. घराची किंमत वाढली तर फायदा घरमालकाचाच ना? तीस वर्षांपूर्वी स्वस्तात घेतलेलं घर चांगल्या भावात विकता येतं. रस्ता, झाडं, दिवे नकोत का? वस्ती तशीच पडीक ठेवायची का?

अटलांटाकर
प्रशांत, विकून त्याने जायचं कुठे? त्याच शहरात दुसरं घर त्या पैशात येत नाही. आणि भाडेकरूला काय मिळतं? पडीक ठेवा असं मी कुठेही म्हटलेलं नाही. झाडं लावायच्या आधी माणसं टिकतील अशी सोय करा, इतकंच म्हणतोय.

रेवा_वॉशिंग्टन
सोय आधी करता येते, आमच्याकडे तसा प्रयत्न झालाय. अ‍ॅनाकोस्टिया नदीवर इलेव्हन्थ स्ट्रीट ब्रिज पार्क होतंय. पूर्वेच्या काठावर कृष्णवर्णीयांची जुनी वस्ती. तिथे आधी बैठका झाल्या, मग २०१४ मध्ये स्पर्धेतून आराखडाकार निवडले आणि २०१५ मध्ये वेगळा समन्यायी विकास आराखडा काढला. घरं, नोकऱ्या, छोटे धंदे. त्यातूनच डग्लस कम्युनिटी लँड ट्रस्ट उभा राहिला. जमीन ट्रस्टकडे राहते, घर कुटुंबाचं. विकायचं झालं तर ठरलेल्या सूत्रानेच विकायचं, त्यामुळे ते पुढच्यालाही परवडतं. तुमच्या डरहॅममध्येही असा लँड ट्रस्ट १९८७ पासून आहे. त्यांना बोलावलंत का?

निलेश_कॅरी
एक विचारू का? मी डरहॅमजवळच्या कॅरीत राहतो, डरहॅममध्ये गुंतवणुकीसाठी घर बघतोय. हा ग्रीनवे नक्की कुठल्या रस्त्यांवरून जाणार? आत्ता घ्यावं का?

बाभूळ
निलेश, तुमच्यावर राग नाही, पण वस्तीतल्या लोकांना भीती वाटते ती नेमकी या प्रश्नाची. ताई, रस्त्यांची नावं इथे देऊ नका.

प्रशांत_जे
त्यात गैर काय आहे? घर विकत घेणं गुन्हा नाही.

निर्झर
वाद नंतर घाला. आधी हेटाय काय होतं ते सगळ्यांना कळायला हवं. गुलामगिरी संपल्यावर मुक्त झालेल्या लोकांनी वसवलेली ही वस्ती. स्वतःची चर्चेस, दुकानं, थिएटरं आणि १९०१ पासून लिंकन हॉस्पिटल. नॉर्थ कॅरोलिना म्युच्युअल ही विमा कंपनी १८९८ची, इथल्याच लोकांनी काढलेली. मग शहरी नूतनीकरण आलं, म्हणजे जुन्या वस्त्या पाडून नव्याने बांधायची सरकारी योजना. १९६२च्या मतदानात अनेक कृष्णवर्णीय मतदारांनीही त्याच्या बाजूने कौल दिला, कारण नवी घरं, नवी दुकानं मिळतील असं सांगितलं होतं. मिळाला तो वस्तीतून जाणारा महामार्ग, डरहॅम फ्रीवे. चार हजारांहून जास्त कुटुंबं आणि पाचशेच्या आसपास धंदे उठले. म्हणजे या लोकांना 'तुमचं मत सांगा' हे एकदा विचारून झालंय. मत दिल्यावर काय झालं ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलंय.

अवांतर: १९४६ मध्ये बाबासाहेबांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डू बॉइस यांना पत्र लिहून, कृष्णवर्णीयांच्या वतीने संयुक्त राष्ट्रांकडे गेलेल्या अर्जाची प्रत मागितली होती. अस्पृश्यांचा प्रश्न आणि तुमचा प्रश्न सारखा आहे असं त्यांनी लिहिलं होतं. १९७२ची दलित पँथर तर नावापासूनच तिकडच्या ब्लॅक पँथरवरून आलेली. मराठी माणसाने हेटायमध्ये काम करताना हे मनात ठेवावं असं मला मनापासून वाटतं.

सायकलस्वार_नाशिक
निर्झर, छान माहिती. दिव्यांबद्दल एक राहिलं. प्रकाश खाली पडेल असे घ्या, नाहीतर शेजारच्या घरांत रात्रभर उजेड जातो.

सुनंदा_म
मी वकील आहे, अमेरिकेतली नव्हे, पण घराच्या कागदांचं दुखणं सगळीकडे सारखंच दिसतं. दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय कुटुंबांत बऱ्याचदा घर अजून आजोबांच्याच नावावर असतं. आपल्याकडे सातबाऱ्यावर वारसांची नोंद राहून जाते तसंच. मृत्युपत्र नाही, वारस वीस, आणि एकाने हिस्सा बाहेरच्याला विकला की तो कोर्टात जाऊन सगळं घर विकायला लावू शकतो. नॉर्थ कॅरोलिनात ६५ किंवा त्याहून जास्त वयाच्या, कमी उत्पन्नाच्या घरमालकांना प्रॉपर्टी टॅक्समध्ये सवलत आहे, पण नाव नीट नसेल तर तीही मिळवायला त्रास होतो. सभेत एका टेबलावर वकील बसवा. लोक ठिपके चिकटवायला येणार नाहीत, कागद दाखवायला येतील.

मृण्मयी_द
सगळ्यांचे आभार. काल रात्री हे सगळं दोनदा वाचलं. एक गोष्ट आधी लिहायची राहिली. पहिल्या सभेत मी वस्तीचं नाव देशासारखं 'हैती' असं उच्चारलं. मागे बसलेल्या एक आजी म्हणाल्या, 'हेटाय, बेटा.' मग त्या उठून गेल्या. त्या अकरांतल्या एकट्याच जुन्या होत्या. मला वाटलं घाईत असतील.

बाभूळ
त्यांना शोधा. जमल्यास आजच.

मृण्मयी_द
(सोमवारी) शोधलं. गुरुवारी मांडलेल्या प्लॅनमधलं निम्मं बॉसने कापलं. वकिलाचं टेबल ठेवलं, लँड ट्रस्टला बोलावणं ठेवलं, रहिवाशांच्या मानधनाला मात्र 'बजेट नाही' म्हणाले. रविवारी प्रार्थना संपल्यावर आजींच्या चर्चच्या मागच्या हॉलमध्ये गेले. आराखडा नेलाच नाही. ग्रंथालयातून फ्रीवेच्या आधीच्या काळातला एक नकाशा मोठा छापून घेतला होता, तो जेवणाच्या टेबलावर पसरला. हळूहळू चौदा जण जमले. एका आजोबांनी चष्मा काढून पेटिग्रू स्ट्रीटवर बोट ठेवलं. तिथे त्यांच्या वडिलांचं केशकर्तनालय होतं. मी फोनवर आजचा नकाशा काढून शेजारी धरला. बोट फ्रीवेच्या मधोमध आलं. बराच वेळ त्यांनी ते उचललं नाही. मग विचारलं, 'हा तुमचा रस्ता झाला की माझा टॅक्स कोण भरणार?' मला उत्तर देता आलं नाही. तसंच सांगितलं. पुढच्या रविवारी पुन्हा या म्हणाले.

आता अडलंय ते मानधनावर. आम्ही तासाचे पैसे घेतो आणि ते लोक फुकट बोलतात. बॉसला पटेल अशी मांडणी कुणाकडे आहे का?

रेवा_वॉशिंग्टन
आहे. सल्लागारांच्या तासांमधला एक हिस्सा रहिवाशांच्या नावे दाखवायचा, वेगळी रक्कम मागायचीच नाही. आम्ही वापरलेला तक्ता आहे, व्यक्तिगत निरोप बघा.

अटलांटाकर
ताई, पुढच्या रविवारी टॅक्सची आकडेवारी घेऊन जा. त्या आजोबांच्या घराचीच, गेल्या दहा वर्षांची. काउंटीच्या साइटवर मिळते. आधी त्यांना विचारा मात्र.