नाकाची दुसरी शस्त्रक्रिया : करावी की थांबावे?

पहिल्या शस्त्रक्रियेनंतर नाक मनासारखे झाले नाही, अशांनी पुढचा निर्णय कसा घेतला हे सविस्तर लिहावे, ही विनंती. सुरुवात मी करते. सहाव्या महिन्यातही माझ्या नाकाचा शेंडा जाड दिसत होता. दुसरे मत घ्यायला गेले, तर त्या सर्जननी वर्ष पूर्ण होईपर्यंत काहीही करण्यास नकार दिला, कारण शेंड्यावरची सूज सर्वांत शेवटी उतरते आणि त्वचा जाड असल्यास तिला दीड-दोन वर्षेही लागतात. तेव्हा तो नकार निष्ठुर वाटला. चौदाव्या महिन्यात जुने-नवे फोटो शेजारी ठेवले, तेव्हा उरलेल्या दोषासाठी पुन्हा भूल घ्यावीशी वाटली नाही.

नाशिकहून : माझी अडचण मुख्यतः श्वासाची होती. उंचवटा काढल्यावर नाकाचा मधला भाग अरुंद झाला आणि जोराने श्वास घेतला की डावी बाजू आत ओढली जाई. डॉक्टरांनी गाल बाहेर ओढून श्वास घ्यायला लावला. तो लगेच मोकळा झाला, त्यावरून आधार कुठे कमी पडतो हे त्यांनी मला दाखवले. तो आधार देण्यासाठी कूर्चा (हाडासारखा, पण लवचिक भाग) लागणार होती. नाकाच्या मधल्या पडद्याची कूर्चा पहिल्या वेळीच वापरली गेली होती आणि कानाची मऊ व वळलेली असते, म्हणून बरगडीची घ्यायचे ठरले. ती पुढे वाकू शकते, छातीवर व्रण राहतो, हे समजून घेऊन मी सव्वा वर्षाने होकार दिला. आज श्वास मोकळा आहे. नाक हाताला कडक लागते, पण हे आधीच सांगितलेले असल्यामुळे मला ते स्वीकारता आले.

ठाण्याहून : तीन सर्जनना माझे नाक व्यवस्थित वाटत होते, मला नाही. तिसऱ्यांनी विचारले, "दिवसातून किती वेळ नाकाचाच विचार करता?" मी खरे सांगितले : चार-पाच तास. त्यांनी शस्त्रक्रियेऐवजी मानसोपचारतज्ज्ञांचे नाव दिले. पहिले दोन महिने मी रागाने गेलेच नाही. आता नियमित जाते, आणि आरशासमोरचा वेळ बराच कमी झाला आहे.

कोल्हापूरहून : माझा अकरावा महिना चालू आहे. कोणती कूर्चा कुठून काढली हे नव्या सर्जनना कळावे, म्हणून पहिल्या शस्त्रक्रियेची टिपणे मागवली आहेत. बरगडीच्या जागी किती दिवस दुखले आणि कामावर केव्हा परतता आले, हे नाशिककरांनी कळवल्यास फार उपकार होतील.