दारू आधी सोडवायची की उदासीवर आधी उपचार?

आशा गटप्रवर्तक, चोपडा तालुका
कापूस करणारा चाळिशीचा शेतकरी. रोज देशीच्या दोन क्वार्टर. हल्ली झोप नाही, जेवणावर वासना नाही, "जगून काय फायदा" म्हणतो. घरच्यांनी पोळ्यापासून दारू एकदम बंद करायचं ठरवलंय. बायकोला कोणी भाजीत कालवायची पावडरही दिलीय. सुरुवात कुठून करायची?

मनोविकार परिचारिका, धुळे
ताई, घरच्या घरी एकदम बंद करू देऊ नका. दारू रोज मेंदूला दाबते, म्हणून मेंदू आपली उत्तेजना वाढवून ठेवतो. दारू तुटली की दाब जातो, उत्तेजना तशीच राहते. 6 ते 12 तासांत थरथर, घाम, उलट्या; 48 तासांपर्यंत फिट येऊ शकते; दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भास, बरळणं, ताप. यात माणूस दगावतो. दवाखान्यात डायझेपाम किंवा लोराझेपाम ही मेंदू शांत करणारी औषधं देऊन मात्रा हळूहळू उतरवतात, सोबत थायमिनचं (व्हिटॅमिन बी1) इंजेक्शन. गावात अशक्तपणा म्हणून नुसती ग्लुकोजची बाटली लावतात. ती लावण्याआधी "याला रोजची दारू आहे" हे डॉक्टरांना सांगाच, कारण थायमिन कमी असताना नुसतं ग्लुकोज मेंदूला इजा करू शकतं.

पावडर फेकून द्या. तिच्यात डायसल्फिराम असू शकतं, म्हणजे दारूसोबत शरीरात त्रास उठवणारं औषध. न सांगता दिलं आणि वर दारू प्यायली, तर चेहरा लाल होतो, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो. शेवटच्या मात्रेनंतर दोन आठवड्यांपर्यंत हा धोका राहतो. शिवाय घरच्या जेवणावरचा त्याचा विश्वास उडतो तो वेगळाच.

समुपदेशक, जळगाव
उपचार दोन्हींवर एकदमच. दारूमुळे आलेली उदासी दारू बंद केल्यावर दोन ते चार आठवड्यांत बरीच उतरते. महिनाभराने तशीच असेल, किंवा दारूच्या आधीपासून होती, तर तो स्वतंत्र आजार धरायचा. म्हणून बायकोला विचारा: पूर्वी कधी महिनाभर सुटली होती का, तेव्हा मन कसं होतं?

पण तो जगण्याबद्दल बोलतोय, तिथे महिना थांबायचं नाही. "जीव द्यायचा विचार येतो का?" असं सरळ विचारा, विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. फवारणीची औषधं आजच घरातून आणि खळ्यातून हलवा, किल्ली शेजारच्या भाऊकडे द्या. झटक्यात आलेला विचार बाटली हाताशी नसेल तर टळू शकतो. त्याला एकटं सोडू नका. टेली-मानस ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे: 14416, चोवीस तास, मराठीत, फुकट.

आशा गटप्रवर्तक
आजच जाते. घरचे "वेड्यांच्या दवाखान्यात नको" म्हणतात.

समुपदेशक, जळगाव
"झोप आणि थरथर दाखवायला जाऊ" म्हणा, ते खरंच आहे. चोपड्यातून नाही जमलं तर जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे.

परतल्यावर बाजाराचा दिवस आणि कापसाचे पैसे हातात येतील तो दिवस सांभाळा. ओळखीचा रस्ता, हातातली नोट, रिकामं पोट, यांनीच तलफ उठते. बहुतेक वेळा अर्ध्या तासात ओसरते, म्हणून जेवून निघावं, गुत्त्याकडचा रस्ता टाळावा, पैसे बायकोच्या खात्यात घ्यावेत. एखाद दिवस घसरला तर "आता सगळंच गेलं" म्हणून तो पुढे पीतच राहतो. व्यसनावर काम करणारे मानसशास्त्रज्ञ मार्लाट यांनी हीच अवस्था मांडली आहे. त्या दिवशी घरच्यांनी भांडू नये, दुसऱ्या दिवशी त्याला घेऊन दवाखाना गाठावा.