शोभतं म्हणजे बारीक दिसतं का?

उसवण (चर्चेचा हा धागा काढणारी)

परवा कपडे घ्यायला गेले होते. एक ड्रेस हातात आला. केशरी, त्यावर पांढरे आडवे पट्टे, चांगले चार-चार बोटं रुंद. अंगाला लावून आरशासमोर उभी राहिले तर मागून विक्रेती म्हणाली, "हा नको, यात पसरट दिसाल. हा बघा, यात सगळं झाकलं जातं." आणि काळा पुढे केला. मी मुकाट्याने काळा घेऊन घरी आले. कपाट उघडलं तर त्याची तीन सख्खी भावंडं आत लटकत होती.

तेव्हापासून डोक्यात भुंगा शिरलाय. 'शरीराच्या ठेवणीनुसार कपडे कसे निवडावेत' छापाचे जेवढे सल्ले आजवर वाचलेत ते आठवून बघा. त्यात बायकांच्या ठेवणीला फळांची आणि आकारांची नावं असतात. नासपतीने (म्हणजे नितंब रुंद असलेलीने) वर फिकं घालावं, खाली गडद. सफरचंदाने पोटाकडे कुणाचं लक्ष जाऊ देऊ नये. आयताने कंबर असल्याचा भास निर्माण करावा. सगळ्या वाटा शेवटी एकाच गावाला जातात: वाळूच्या घड्याळासारखं (मधे कंबर बारीक) दिसा, आणि ते जमत नसेल तर निदान बारीक दिसा. 'शोभणे' हा आपला इतका छान शब्द, त्याचा अर्थ 'झाकणे' कधी झाला?

बरं, मी प्रामाणिकपणे मापं घेतली. छाती-कंबर बघितली तर मी आयत, कंबर-नितंब बघितले तर नासपती. २००५ च्या सुमाराला अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठात सहा हजारांहून जास्त बायकांची मापं तपासली होती. त्यात वाळूच्या घड्याळाची ठेवण जेमतेम ८ टक्के जणींची निघाली, आयत ४६ टक्के. म्हणजे बाराजणींतल्या एकीसारखं दिसायला उरलेल्या अकराजणींनी आयुष्यभर भास निर्माण करत बसायचं.

माझं मत: ही फळं टोपलीसकट फेकून द्यावीत आणि जे आवडतं ते घालावं. बोला.

मोजपट्टी

बोलते. बावीस वर्षं कापड बेततेय. 'जे आवडतं ते घालावं' म्हणणाऱ्या बायका माझ्याकडे येतात तेव्हा त्यांच्या अंगात एक तर उसवायला आलेला कपडा असतो, नाहीतर तंबू. ठेवण बघायची ती झाकायला नव्हे, बेतायला. तुम्ही सल्ल्यांवरचा राग मापावर काढताय.

तयार कपडा कसा होतो ते सांगते. मधल्या एका मापाचा नमुना काढतात, तो एका बाईच्या अंगावर नीट बसवतात, आणि मग त्यालाच ठरावीक प्रमाणात वाढवत-घटवत बाकीची मापं करतात. गोम अशी की माणूस जाड होतो तेव्हा त्याची हाडं त्या हिशेबात वाढत नाहीत. खांदा फारसा रुंद होत नाही, हात तर लांब होतच नाहीत. म्हणून मोठं माप घेतलं की छातीत बसतं, पण खांद्याची शिवण दंडावर उतरते, बाही बोटांपर्यंत येते आणि गळा उघडा पडतो. बाई आरशात बघून म्हणते, मी बेढब. अगं, बेढब तो नमुना!

आणि मुंढा, म्हणजे बाही जोडतात तो घेर. यावर मी तासभर बोलू शकते. लोकांना वाटतं, मुंढा खोल म्हणजे कपडा ऐसपैस. उलट आहे. खोल मुंढ्याचा शर्ट घालून हात वर करा, सगळा शर्ट पोटावरून वर चढेल. मुंढा बगलेजवळ असला की हात एकटा हलतो, बाकी शर्ट जागच्या जागी राहतो. दंड भरलेले असले की लोक मोठा मुंढा मागतात. त्यांना खरी गरज असते रुंद बाहीची.

चुण्या वाचायला शिका. बटणापाशी दोन्हीकडे आडव्या चुण्या ताणल्या की तिथे कापड कमी पडतंय. मानेखाली पाठीवर सैल आडवी घडी पडली की तिथे जास्तीचं कापड साठलंय. चुणी बोट दाखवते, आपण बघत नाही.

ढगळ_शर्ट

पुरुषांना परवानगी आहे का इथे? माझं पोट पुढे आलंय आणि मला बारीक दिसायचंय. यात कुणाचा अपमान झाला? मुलाखतीला गेल्यावर समोरचा पहिल्या मिनिटात काय काय ठरवून टाकतो ते मी भोगलंय. जग सुधारेल तेव्हा सुधारेल, तोवर मी गडद निळा शर्ट घालणार. धागाकर्तीचं तत्त्वज्ञान ऐकायला छान आहे, पण ते चपलांबरोबर मुलाखतीच्या खोलीबाहेर काढून ठेवावं लागतं.

उसवण

मुलाखतीचं मान्य. पण मी सुट्टीच्या दिवशी घरात बसतानाही काळाच घालते. तेव्हा माझी मुलाखत कोण घेत असतं?

रेघोट्या

बाकी चालू द्या, मला त्या केशरी ड्रेसबद्दल बोलायचंय. 'आडव्या पट्ट्यांनी पसरट दिसतं' हे विक्रेतीने छातीठोकपणे सांगितलं, पण हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकातच नेमकं उलटं लिहून ठेवलंय. एकाच मापाचे दोन चौरस घ्या, एकात आडव्या रेघा मारा, दुसऱ्यात उभ्या. आडव्या रेघांचा चौरस जास्त उंच आणि अरुंद भासतो. बायकांच्या झग्यावरच्या आडव्या पट्ट्यांनी त्या उंच दिसतात, हेही त्याने तिथेच नोंदवलंय. २०११ साली इंग्लंडमधल्या यॉर्क विद्यापीठात पीटर थॉम्पसन आणि त्यांच्या सहकारी मिकेलिदू यांनी हे मोजून बघितलं. आडव्या रेघांच्या चौरसाइतकं उंच दिसायला उभ्या रेघांच्या आकृतीला ७.१ टक्के जास्त उंची द्यावी लागली.

तात्पर्य: ड्रेस घेऊन या.

तिरकस

अर्धीच गोष्ट सांगितलीत. २०१३ साली जपानमध्ये हिरोशी आशिदा आणि सहकाऱ्यांनी हेच वेगवेगळ्या जाडीच्या आकृत्यांवर करून बघितलं. आडव्या पट्ट्यांनी बारीक दिसण्याचा लाभ आधीच सडपातळ असलेल्यांच्या पदरात पडला, जाड आकृत्यांच्या नाही. ज्याच्याकडे आहे त्यालाच आणखी मिळतं, नेहमीप्रमाणे.

शिवाय चौरस कागदावर सपाट पडलेला असतो. अंगावर पट्टा वळतो, छातीवर वर उचलला जातो, पोटावरून खाली झुकतो. पट्टा सरळ राहिला नाही की तो डोंगराच्या नकाशावरच्या रेषांसारखा सगळे चढउतार मोजून दाखवतो. कापड ताणलं जाणार नसेल तर पट्टे चालतील, एवढंच म्हणता येतं.

रेघोट्या

पटलं. पण मग 'उभ्या पट्ट्यांनी उंच दिसतं' हे जे सगळे घोकतात त्यालाही हाच न्याय लावा. उभा पट्टा तर पोटावरून जाताना दोन्ही बाजूंना फाकतो.

उसवण

बघा ना! माझा मुद्दा होता की बारीक दिसण्याचा नाद सोडा, आणि तुम्ही दोघं मी कुठल्या पट्ट्यात बारीक दिसेन यावर भांडताय.

रेघोट्या

अरेच्चा.

चाकावरची

मी व्हीलचेअर वापरते. सगळ्या तक्त्यांतली बाई उभी असते, हे कुणाच्या लक्षात आलंय का? बसलेली बाई कुठलं फळ?

बसल्यावर कमरेचं माप वाढतं, पँट मागून खाली सरकते आणि पुढे पोटापाशी कापडाचा गठ्ठा होतो. पाय वाकलेले, त्यामुळे पायचा घोट्याच्या वर चढतो. मागचे खिसे आणि जाड शिवणी ही माझ्यासाठी नुसती गैरसोय नाही. दिवसभर त्यावर बसून त्वचेला जखम होऊ शकते. मला हवी पँट: मागून उंच, पुढून बुटकी, मागे खिसे नाहीत, पायचा लांब. जाकीट मात्र आखूड, नाहीतर मांडीवर गोळा होतं आणि चाकात अडकतं. यातलं काहीही मला बारीक दाखवत नाही. पण अशी पँट घातली की मी नीटनेटकी दिसते, आणि दर पाच मिनिटांनी मागून ओढत बसत नाही.

त्यामुळे उसवण, 'माप-ठेवण सगळं फेकून द्या' हे मला परवडणारं नाही. तुम्हाला आवडलेलं काहीतरी दुकानात तुमच्या अंगाला निदान चढतं तरी.

मोजपट्टी

चाकावरची, अशी पँट मी आजवर दोनदाच बेतलीय आणि पहिली साफ चुकली होती, कारण मापं उभ्याची पद्धत धरून घेतली. दुसऱ्या वेळी खुर्चीतच बसवून घेतली. मागची उंची मला वाटलं होतं त्यापेक्षा कितीतरी जास्त लागली.

उसवण

चाकावरची, हे मी विचारातच घेतलं नव्हतं. 'टोपलीसकट' हा शब्द मागे घेते. फळं मात्र अजूनही फेकायचीच आहेत.

आणि ढगळ_शर्ट, तुमच्या 'यात कुणाचा अपमान झाला' वर. १९९८ साली अमेरिकेत बार्बरा फ्रेडरिक्सन आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला होता. विद्यार्थ्यांना आरसा असलेल्या खोलीत एकेकटं ठेवलं, काहींना पोहण्याचा पोशाख घालायला दिला, काहींना स्वेटर, आणि मग गणितं सोडवायला सांगितली. पोहण्याचा पोशाख घातलेल्या मुलींना स्वेटरवाल्यांपेक्षा गुण कमी पडले. मुलांमध्ये तसा फरक दिसला नाही. खोलीत बघणारं कुणीही नव्हतं! आपण कसे दिसतोय यावर पहारा ठेवण्यात डोकं खर्च होतं, ते हे.

ढगळ_शर्ट

हे तर माझ्याच बाजूचं झालं. ज्या कपड्यात मला पोटाची आठवण येत नाही तो माझा कपडा. गडद, थोडा सैल शर्ट घातला की दिवसभर आठवण येत नाही. तुमचं ऐकून बिनधास्त पिवळा घातला तर दिवसभर तोच विचार. मग पहारा कुठल्या शर्टात जास्त?

उसवण

... याचं उत्तर माझ्याकडे आत्ता नाही. विचार करते.

तिरकस

ढगळ_शर्ट, तुमचा कमरेचा पट्टा पोटाच्या खाली असतो की वर?

ढगळ_शर्ट

खाली. सगळ्यांचाच असतो.

मोजपट्टी

तिथेच घोळ आहे. पोटाखाली पट्टा आवळला की पँट सारखी घसरते, बैठक लोंबते, आणि पोट वरून पट्ट्यावर ओघळल्यासारखं दिसतं. कमरेच्या जागी बसणारी, पुढे मुद्दाम घातलेल्या चुण्या (प्लीट्स) असलेली पँट घ्या आणि ती पट्ट्याने आवळण्याऐवजी खांद्यावरून गॅलिसने अडकवा. पुढचं कापड पोटावरून सरळ खाली उतरतं. शर्ट ढगळ घ्यायचं मग कारणच राहत नाही. ढगळ शर्ट पोट लपवत नाही, पोटाच्या टोकापासून सरळ खाली पडतो आणि तुमची अख्खी जाडी पोटाएवढी करतो.

तिरकस

ताई, एक शंका. तुम्ही 'नीट बसलेला' कपडा म्हणता तो शेवटी तुमच्याच मनातल्या नमुन्याला धरून असतो ना? विक्रेती म्हणते बारीक दिसा, तुम्ही म्हणता चुणी पडू देऊ नका. हुकूम दोन्हीकडे आहेच. ज्याला तंबूच आवडतो त्याने काय करायचं?

मोजपट्टी

तंबू घालायचा. पण तंबूही बेतावा लागतो. मुद्दाम सैल ठेवलेल्या कपड्यात खांदा तरी जागेवर असतो, किंवा खांदा उतरता ठेवला असेल तर बाही त्या बेताने आखूड केलेली असते. दोन मापं मोठा घेतलेला कपडा तसा नसतो. एवढाच फरक मला दिसतो. त्याला हुकूम म्हणा नाहीतर बावीस वर्षांची खोड.

पाहुणी

गेले दोन तास नुसती वाचतेय, एक भर घालते. लेबलवरच्या आकड्यावर रडणाऱ्यांसाठी. १९३९-४० मध्ये अमेरिकी सरकारने सुमारे १५,००० बायकांची मापं घेतली, प्रत्येकीची ५० हून जास्त. गोऱ्या नसलेल्या बायकांची मापं हिशेबातच धरली नाहीत. त्या आधारावर १९५८ साली मापांचं प्रमाण ठरलं, आणि १९८३ मध्ये तेही मागे घेतलं. त्यानंतर तिथला प्रत्येक उत्पादक आपापला आकडा लावायला मोकळा. एका दुकानात बसणारं माप दुसरीकडे दंडात अडकतं ते तुम्ही रात्री काय खाल्लंत त्यामुळे नाही.

मोजपट्टी

हे लाख बोललात. म्हणूनच मी म्हणते, आकडा बघू नका, सगळ्यात अडचणीची जागा बघा. कपडा कमी करता येतो, वाढवता येत नाही. शिवणीच्या आत माया, म्हणजे दुमडलेलं जास्तीचं कापड, असेल तेवढंच काय ते सुटतं, आणि तयार कपड्यात माया नावालाच असते. नितंब रुंद असतील तर तिथे बसेल ती पँट घ्या, कंबर आत घेता येते. वरच्या कपड्यात खांदा आणि छाती जमली की बाकी बाजू आत घेणं, उंची कमी करणं सोपं. छाती भरलेली आणि खांदे अरुंद ही मात्र खरी डोकेदुखी. खांदा आत घ्यायचा म्हणजे बाही उसवून पुन्हा लावायची.

उसवण

दोन दिवसांनी लिहितेय. तो केशरी परत जाऊन आणला. विक्रेती दुसरी होती, तिने काही म्हटलं नाही, त्यामुळे तयार ठेवलेलं भाषण वाया गेलं.

छातीत बसेल तो घेतला. पट्टे पोटावर थोडे झुकतात, तिरकस म्हणाले तसेच. ढगळ_शर्ट, तुमचा प्रश्न अजून डोक्यात आहे: पहिला तासभर मी सारखी आरशात बघत होते, मग फोन आला आणि विसरले. त्यातून काय निघतं ते तुम्हीच ठरवा.

मोजपट्टीताई, खांद्याची शिवण खाली उतरलीय, साधारण दोन बोटं. बाही उसवावीच लागेल का?

मोजपट्टी

कुणाची बोटं? टेप लावून सांगा. आणि दोन्ही खांदे वेगवेगळे मोजा, डावा-उजवा सारखा क्वचितच असतो.